क्ष-किरण प्रतिमेसाठी इलेक्ट्रॉन त्वरकाचा आराखडा : गोव्यातील नवोदितांसाठी मार्गदर्शन

रुग्णालयातील छातीच्या तपासणीला शंभर किलोव्होल्टच्या आसपासची क्ष-किरण नळी पुरते. पोलादी कंटेनर, जहाजाच्या पंख्याचे जाड ओतकाम किंवा भरलेला ट्रक यांच्या आरपार पाहायचे असेल, तर मात्र काही दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे क्ष-किरण लागतात आणि ते निर्माण करण्यासाठी रेषीय इलेक्ट्रॉन त्वरक, म्हणजेच लिनॅक, वापरावा लागतो. गोव्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत, विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात किंवा वेर्ण्यासारख्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या तरुणांनी हा विषय हाती घ्यावा, असे मला मनापासून वाटते, कारण ज्या राज्याला मुरगावसारखे बंदर आणि जहाजबांधणीची परंपरा आहे, तिथे या यंत्राची गरज परकी नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. पदवीपर्यंतचे विद्युतचुंबकशास्त्र अवगत आहे असे मी गृहीत धरले आहे.

उदाहरण म्हणून बंदराच्या फाटकाशी कंटेनर तपासणारे एक काल्पनिक यंत्र घेऊ आणि त्याचे आकडे शेवटपर्यंत सोबत नेऊ. या लेखातला माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. आराखड्याची सुरुवात प्रतिमेपासून करून मागे मागे, इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या इलेक्ट्रॉन गनपर्यंत यावे, ही पहिली. गोव्याची दमट, खारी हवा हिशेबाच्या पहिल्या पानापासून धरावी, ही दुसरी. बहुतेक पाठ्यपुस्तके थंड आणि कोरड्या प्रयोगशाळा गृहीत धरतात आणि आपल्याकडे नेमके तिथेच गणित चुकते.

पहिली पायरी : प्रतिमेकडून काय हवे ते लिहून काढणे

नवोदित मंडळी आधी पोकळ्यांची, म्हणजे सूक्ष्मलहरींच्या जोरावर इलेक्ट्रॉनांना वेग देणाऱ्या तांब्याच्या कप्प्यांची, चित्रे काढायला बसतात. ते थांबवावे आणि चार प्रश्नांची उत्तरे कागदावर आकड्यांत लिहावीत. किती जाड पोलादाच्या मागची वस्तू दिसायला हवी? किती बारीक तपशील हवा? एका कंटेनरला किती वेळ देता येईल? सेंद्रिय माल आणि धातू यांत फरक करायचा आहे का?

आपल्या उदाहरणात ३०० मि.मी. पोलादाआडचे काही तरी दिसावे, तपशील २.५ मि.मी.चा असावा आणि चाळीस फुटी कंटेनर अर्ध्या मिनिटात सरकून जावा, असे ठरवू. क्ष-किरणांचा उगम आणि शोधकांची रांग यांत १० मीटरचे अंतर ठेवू आणि ट्रक मधोमध जाईल असे धरू. शोधक म्हणून कॅडमियम टंगस्टेटचे स्फटिक आणि त्यांना चिकटवलेले फोटोडायोड वापरतात. त्यांची रुंदी ५ मि.मी. घेतली, तर ट्रकच्या जागी विवर्धन दुप्पट असल्याने वस्तूवरचा तपशील २.५ मि.मी. येतो. यंत्र सेकंदाला २०० पल्स देत असेल, तर दोन पल्सांच्या दरम्यान ट्रकने २.५ मि.मी.पेक्षा अधिक सरकू नये. म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर, आणि बारा मीटरचा कंटेनर सुमारे पंचवीस सेकंदांत पार होतो. वेळेची अट पूर्ण झाली.

येथेच टार्गेटवरच्या ठिपक्याचा आकारही ठरून जातो. इलेक्ट्रॉन ज्या ठिपक्यावर आदळतात त्याचा व्यास २ मि.मी. असेल, तर मधोमध असलेल्या वस्तूच्या पातळीवर अस्पष्टता साधारण १ मि.मी. येते आणि ती २.५ मि.मी.च्या तपशिलाला बाधत नाही. ठिपका याहून लहान करण्याच्या मागे लागल्यास टार्गेट वितळण्याचा धोका वाढतो आणि चित्रात काही सुधारणा दिसत नाही. मात्र ओतकामातल्या बारीक भेगा शोधण्यासाठी यंत्र बांधायचे असेल, तर हाच आकडा सर्वांत कळीचा ठरतो. म्हणून दुसऱ्याचा आराखडा जसाच्या तसा उचलू नये.

दुसरी पायरी : ऊर्जा ठरवणे

वेगवान इलेक्ट्रॉन टंगस्टनसारख्या जड धातूत अडले की ब्रेम्सस्ट्रालुंग या प्रक्रियेने क्ष-किरण बाहेर पडतात. शंभर किलोव्होल्टला इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा जेमतेम एक टक्का भाग क्ष-किरणांत उतरतो. काही एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या) पातळीवर हे प्रमाण दहा टक्क्यांच्या बरेच वर जाते आणि किरण प्रामुख्याने पुढच्या दिशेने निघतात. टार्गेटपासून १ मीटरवर समोर मिळणारा डोस (किरणांतून शोषलेल्या ऊर्जेचे माप, एकक ग्रे) प्रवाहाच्या सम प्रमाणात आणि ऊर्जेच्या साधारण २.७ घाताने वाढतो. ६ एमईव्ही आणि सरासरी १०० मायक्रोअँपिअरला तो मिनिटाला सुमारे ८ ते ९ ग्रे येतो, हा आकडा पाठ करून ठेवण्यासारखा आहे.

आता भेदनाकडे पाहू. ६ एमईव्हीच्या किरणांची तीव्रता निम्मी करायला सुमारे २८ मि.मी. पोलाद लागते. ३०० मि.मी. म्हणजे पावणेअकरा अर्धमूल्ये, म्हणजे सुमारे सतराशेपैकी एक भाग पलीकडे पोहोचतो. आपल्या यंत्राचा सरासरी प्रवाह पुढे ८० मायक्रोअँपिअर ठरणार आहे, त्यामुळे १ मीटरवर मिनिटाला सुमारे ६.५ ग्रे, म्हणजे दर पल्सला अर्धा मिलिग्रेहून किंचित अधिक डोस मिळतो. १० मीटरवर त्याचा शंभरावा भाग उरतो आणि पोलादातून गेल्यावर सुमारे ३ नॅनोग्रे. ५ मि.मी. चौरस शोधकावर याचे रूपांतर केले, तर दर पल्सला जेमतेम शंभरेक फोटॉन पडतात. शंभर फोटॉनांत सांख्यिकीय चढउतार दहा टक्के असतो. म्हणजे ३०० मि.मी. पोलादाआड मोठी वस्तू आहे एवढे कळेल, पण बारीक तपशील गोंगाटात बुडेल. हा हिशेब दहा मिनिटांचा आहे, तरीही तो न करता कोट्यवधींच्या यंत्राचे आराखडे मांडले जातात. प्रत्येक नवोदिताने तो स्वतःच्या हाताने एकदा तरी करावा.

९ एमईव्हीवर गेल्यास डोस सुमारे तिप्पट होतो, अर्धमूल्य जाडी ३२ मि.मी.च्या घरात जाते आणि दोन्ही मिळून शोधकावरचे फोटॉन साधारण सातपट होतात. मोह मोठा आहे, पण त्याची किंमत न्यूट्रॉनांच्या रूपाने मोजावी लागते. टंगस्टन-१८३ या समस्थानिकातून न्यूट्रॉन सुटण्याचा उंबरठा ६.२ एमईव्ही आहे, शिसे-२०७चा ६.७ आणि टंगस्टन-१८६चा ७.२. म्हणून ९ एमईव्हीचे यंत्र न्यूट्रॉन देतेच आणि त्यांच्यासाठी संरक्षणाचा वेगळा विचार, वेगळी मापक उपकरणे आणि अधिक कठोर परवानगी आवश्यक ठरते. पहिले यंत्र ६ एमईव्हीचेच असावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

पदार्थ ओळखायचा असेल, तर दोन ऊर्जांचे पल्स आलटून पालटून द्यावे लागतात. दर अणूमागे कॉम्प्टन विखुरणे (फोटॉनने इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरणे) अणुक्रमांकाच्या प्रमाणात होते आणि जोडी-निर्मिती (फोटॉनपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी होणे) त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. ऊर्जा वाढली की जोडी-निर्मितीचा वाटा वाढतो, म्हणून दोन चित्रांच्या गुणोत्तरातून पोलाद आणि प्लास्टिक वेगळे कळते. पहिल्या यंत्रात ही सोय केली नाही तरी पुढे करता येईल अशी जागा ठेवावी.

तिसरी पायरी : शक्तीचा हिशेब

ऊर्जा ठरली की लांबी आणि सूक्ष्मलहरींची शक्ती यांचा मेळ घालावा लागतो. कंप्रतेची निवड फारशी अवघड नाही. २९९८ किंवा २८५६ मेगाहर्ट्झचा एस-बँड हाच नवोदितांचा मार्ग आहे, कारण मॅग्नेट्रॉन (सूक्ष्मलहरी निर्माण करणारी नळी), वेव्हगाइड (त्या वाहून नेणारी धातूची नळी) आणि सर्क्युलेटर (परतणाऱ्या लहरी मॅग्नेट्रॉनपासून दूर वळवणारा भाग) यांचे सुटे भाग याच पट्ट्यात सहज मिळतात. ९३०० मेगाहर्ट्झचा एक्स-बँड यंत्र हलके करतो आणि फिरत्या गाडीवर बसवण्यासाठी तो उत्तम आहे, परंतु त्यात यंत्रकामाच्या चुका तिप्पट महाग पडतात.

पोकळ्यांची रचना बाजूच्या जोडकप्प्यांची, म्हणजे साइड-कपल्ड स्थिर-तरंग पद्धतीची घ्यावी. १९६०च्या दशकात अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत विकसित झालेली ही पद्धत थोड्या लांबीत भरपूर ऊर्जा देते आणि यंत्रकामातल्या लहान चुका बऱ्यापैकी सहन करते. तिची कार्यक्षमता शंट इम्पिडन्स या राशीने मोजतात आणि चांगल्या एस-बँड रचनेत ती मीटरला ८० मेगाओहमच्या आसपास धरायला हरकत नाही.

मिळणाऱ्या व्होल्टेजचा वर्ग म्हणजे शंट इम्पिडन्स, लांबी आणि पोकळ्यांच्या भिंतींत खर्च होणारी शक्ती यांचा गुणाकार. अर्धा मीटर लांबी घेतली, तर ६ मेगाव्होल्टसाठी भिंतींत ०.९ मेगावॅट जातात. झोताचा पल्समधला प्रवाह १०० मिलिअँपिअर ठेवला, तर झोत स्वतः ०.६ मेगावॅट घेतो. एकूण १.५ मेगावॅट. वेव्हगाइड आणि सर्क्युलेटरमधील नुकसान आणि थोडी राखीव शक्ती धरून २.६ मेगावॅटचा मॅग्नेट्रॉन निवडावा आणि तो २ मेगावॅटच्या आसपास चालवावा. त्यामुळे त्याचे आयुष्य वाढते. लांबी ०.३ मीटरवर आणली, तर भिंतींतील शक्ती १.५ मेगावॅटवर जाते आणि पृष्ठभागावरील विद्युतक्षेत्र इतके वाढते की ठिणग्या पडू लागतात. दहा-वीस सेंटिमीटर वाचवण्यासाठी ती जोखीम घेण्याचे कारण नाही.

वेव्हगाइडशी जोडणी किती घट्ट असावी, हे झोतासह ठरवतात. एक अधिक झोताची शक्ती भागिले भिंतींतील शक्ती, हे सूत्र आपल्याला १.६७ हे उत्तर देते. पोकळीचा गुणांक क्यू १५,००० धरला, तर जोडणीसह तो ५,६०० उरतो, पोकळी भरण्याचा काळ ०.६ मायक्रोसेकंद येतो आणि अनुनादाची पट्टी साधारण अर्धा मेगाहर्ट्झ रुंद असते. हे दोन आकडे पुढे फार उपयोगी पडतील.

झोत नसताना तीच शक्ती पोकळीला दिली, तर व्होल्टेज ६ वर थांबत नाही. ते साडेसातच्या घरात जाते. याचे दोन परिणाम आहेत. गनमधून प्रवाह सोडण्याची योग्य वेळ सूक्ष्मलहरी सुरू झाल्यानंतर सुमारे एक मायक्रोसेकंदाची, म्हणजे पोकळी नेमकी ६ मेगाव्होल्टवर पोहोचते त्या क्षणाची आहे; म्हणून ५ मायक्रोसेकंदांच्या पल्समध्ये ४ मायक्रोसेकंद झोत मिळतो आणि २०० पल्सांनी सरासरी ८० मायक्रोअँपिअर येतात. दुसरा परिणाम सुरक्षेचा आहे. गनचा प्रवाह काही कारणाने घसरला, तर उरलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ७ एमईव्हीच्या वर जाऊ शकते आणि न्यूट्रॉनांचा उंबरठा ओलांडला जातो. म्हणून झोताचा प्रवाह ठरलेल्या मर्यादेखाली गेला की पल्स बंद करणारे इंटरलॉक पहिल्याच आराखड्यात हवे.

चौथी पायरी : पोकळ्या आणि आपली हवा

संगणकावर पोकळीचा आकार काढण्यासाठी सुपरफिश हा लॉस अलामोसचा कार्यक्रम नवोदितांना पुरेसा आहे. तो मोफत मिळतो आणि वर्तुळसममित पोकळ्यांसाठी विश्वासार्ह आहे. जोडकप्प्यांची खाच त्रिमितीय असल्याने तिच्यासाठी सीएसटीसारखे साधन लागते. जाळी दुप्पट बारीक करून उत्तर बदलत नाही ना, हे प्रत्येक वेळी तपासावे.

पहिल्या एक-दोन पोकळ्या आखूड असतात, कारण २० किलोव्होल्टच्या गनमधून निघालेला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे २७ टक्के वेगाने येतो. पूर्ण वेगाच्या पोकळीची लांबी अर्ध्या तरंगलांबीइतकी, म्हणजे ५ सें.मी. असते, पहिली पोकळी त्याहून बरीच कमी ठेवावी लागते. या पोकळ्या इलेक्ट्रॉनांचे पुंजके करतात. गनमधून निघालेल्यांपैकी तीस-चाळीस टक्के इलेक्ट्रॉन पकडले गेले तरी काम चांगले झाले असे मानावे, आणि म्हणूनच १०० मिलिअँपिअर झोतासाठी गन ३०० मिलिअँपिअरची घ्यावी.

यंत्रकामाची अचूकता ही कंप्रतेची अचूकता आहे. साध्या दंडगोल पोकळीची त्रिज्या ३ गिगाहर्ट्झला ३८ मि.मी. येते आणि तीत १० मायक्रॉनची चूक झाली, तर कंप्रता पाऊण मेगाहर्ट्झने हलते. आपली पट्टी अर्ध्या मेगाहर्ट्झची आहे. ऑक्सिजनमुक्त तांबे, हिऱ्याच्या धारेने केलेले शेवटचे कातकाम आणि स्थिर तापमानाची खोली यांना पर्याय नाही. तीन गिगाहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या वरच्या १.२ मायक्रॉन थरातूनच वाहतो, त्यामुळे पृष्ठभागावर बोटांचे ठसेही राहू देऊ नयेत. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना तांब्याची भांडी किती लवकर काळवंडतात हे सांगायला नको. पोकळ्यांचे कातलेले भाग धुवून कोरड्या नायट्रोजनच्या पिशवीत बंद करावेत आणि भट्टीत जाईपर्यंत उघडू नयेत. चांदी आणि तांबे यांच्या ७२-२८ मिश्रधातूने, ७८० अंश सेल्सिअसला, हायड्रोजन किंवा निर्वात भट्टीत ब्रेझिंग, म्हणजे भागांचे जोडकाम, केले जाते.

यानंतर ट्यूनिंग, म्हणजे पोकळीची कंप्रता नेमकी जुळवण्याचे काम, येते, आणि गोव्यात काम करणाऱ्याने हा परिच्छेद दोनदा वाचावा. ट्यूनिंग टेबलावर, हवेत, खोलीच्या तापमानाला होते; यंत्र मात्र निर्वातात, गरम पाण्याच्या तापमानाला चालते. हवेचा अपवर्तनांक एकाहून किंचित अधिक असल्यामुळे हवेत कंप्रता कमी दिसते. कोरड्या हवेत हा फरक सुमारे ०.८ मेगाहर्ट्झ असतो. जुलैच्या दुपारी, २९-३० अंश आणि ऐंशी टक्के आर्द्रतेत, तोच फरक १.२ मेगाहर्ट्झवर जातो, कारण सूक्ष्मलहरींसाठी पाण्याची वाफ फार परिणामकारक आहे. या दोहोंतली ०.४ मेगाहर्ट्झची तफावत आपल्या अनुनादाच्या जवळजवळ पूर्ण पट्टीएवढी आहे! बाहेरदेशीच्या पुस्तकातली कोरड्या हवेची दुरुस्ती वापरून पावसाळ्यात ट्यून केलेली पोकळी निर्वातात चुकीच्या जागी जाऊन बसते.

उपाय सोपा आहे. पोकळीतून कोरडा नायट्रोजन सतत सोडत ट्यून करावे, म्हणजे दुरुस्ती ऋतूवर अवलंबून राहत नाही. त्यात तापमानाची दुरुस्ती मिळवावी. तांबे दर अंशाला ५० किलोहर्ट्झ खाली नेते. टेबलावर २८ अंश आणि चालवताना ४० अंश असेल, तर बारा अंशांचे ०.६ मेगाहर्ट्झ होतात. म्हणजे २९९८ मेगाहर्ट्झला चालणारी पोकळी २८ अंशांच्या नायट्रोजनमध्ये २९९७.८ला ट्यून करावी. ही वजाबाकी वहीत लिहून, तापमानमापीच्या नोंदीसह, दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावी.

पोकळीच्या पाण्याचे तापमान ४० अंश ठेवण्यामागेही आपल्या हवेचेच कारण आहे. पावसाळ्यात येथील दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. २० अंशांचे थंड पाणी फिरवले, तर नळ्यांवर, गनच्या टोकावर आणि मॅग्नेट्रॉनच्या विद्युत-अग्रांवर पाणी सुटते. सर्व फिरते पाणी दवबिंदूच्या पुरेसे वर ठेवावे आणि त्याचे तापमान अंशाच्या दशांशाइतके स्थिर राखावे. उरलेला फरक मॅग्नेट्रॉनची कंप्रता आपोआप सरकवणारे नियंत्रण भरून काढते.

मॅग्नेट्रॉनला वीज पुरवणाऱ्या मॉड्युलेटरबद्दल थोडक्यात. मॅग्नेट्रॉनला ४५ ते ५० किलोव्होल्टचे, शंभरेक अँपिअरचे पल्स लागतात. नवीन यंत्रात थायरॅट्रॉन या वायुभरित नळीऐवजी घन-अवस्था स्विच घ्यावेत. उच्च व्होल्टेजचा सगळा भाग बंद पेटीत, तेलात किंवा कोरड्या हवेत असावा, कारण मिठाचा थर आणि बंदरावरची खनिजाची धूळ यांनी उघड्या विद्युतरोधकांवर गळतीच्या वाटा तयार होतात. वेव्हगाइडमध्ये सल्फर हेक्झाफ्लोराइड भरतात. हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा वीस हजार पटींहून अधिक वातावरण तापवणारा आहे, म्हणून तो कधीही मोकळ्यावर सोडू नये आणि परत भरून घेण्याची सोय आधीच करावी. जांभ्या खडकाची जमीन मार्च ते मे या काळात कोरडी पडून विजेला फार विरोध करते, त्यामुळे अर्थिंगचे मोजमाप पावसाळ्यात करून समाधान मानू नये. ते मे महिन्यात करावे.

पाचवी पायरी : गन, टार्गेट आणि निर्वात

गनसाठी बेरियम मुरवलेल्या टंगस्टनचा, सुमारे १००० अंशांना चालणारा डिस्पेन्सर कॅथोड योग्य आहे. २० किलोव्होल्टला ३०० मिलिअँपिअर म्हणजे ०.१ मायक्रोपर्व्हिअन्स (प्रवाह भागिले व्होल्टेजचा दीड घात), ही सौम्य मागणी आहे आणि पिअर्स पद्धतीच्या गनमध्ये ती आरामात बसते. निर्वाताच्या बाबतीत कॅथोड फार सोवळा असतो; दाब १०⁻⁷ टॉरपेक्षा खाली असल्याशिवाय तो तापवू नये. त्यासाठी आयन पंप लागतो आणि आयन पंपाला अखंड वीज लागते. मान्सूनपूर्व वादळांत वीज जाणे येथे नित्याचे असल्याने आयन पंप आणि निर्वातमापी यांना स्वतंत्र बॅटरी द्यावी.

टार्गेट सुमारे १ मि.मी. टंगस्टनचे आणि त्यामागे पाण्याने थंड केलेले तांबे, अशी रचना असते. टंगस्टन क्ष-किरण देतो आणि तांबे उरलेले इलेक्ट्रॉन थांबवून उष्णता वाहून नेते. आपल्या झोताची सरासरी शक्ती ४८० वॅट आहे. ऐकायला ती फार वाटत नाही, पण २ मि.मी.च्या ठिपक्यावर दर चौरस मिलिमीटरला दीडशे वॅट पडतात, आणि तांबे १०८५ अंशांना वितळते. पाण्याचा प्रवाह थांबला की पल्स थांबलाच पाहिजे. हे काम संगणकाच्या कार्यक्रमावर न सोपवता थेट तारेने जोडलेल्या प्रवाहमापी स्विचवर सोपवावे.

सहावी पायरी : भिंती, परवाने आणि माणसे

खरे तर ही पायरी दुसऱ्या पायरीसोबतच सुरू व्हायला हवी. भारतात अशा यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची परवानगी अनिवार्य आहे. अर्ज ई-लोरा या संकेतस्थळावर होतात आणि जागेचा आराखडा मान्य झाल्यावाचून भिंत उभारू नये. मान्यताप्राप्त विकिरण सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. सामान्य जनतेसाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. (सिव्हर्ट हे शरीरावरचा परिणाम धरून मोजलेल्या डोसाचे एकक आहे; क्ष-किरणांसाठी १ ग्रे म्हणजे १ सिव्हर्ट धरतात.)

भिंतीचा हिशेब करून पाहू. मिनिटाला ६.५ ग्रे म्हणजे तासाला ३९० ग्रे. १५ मीटरवर त्याचे १.७ ग्रे होतात. यंत्र वर्षाला १००० तास चालले आणि भिंतीपलीकडे सदैव कोणी तरी असेल असे धरले, तर १ मिलिसिव्हर्टवर येण्यासाठी तीव्रता सतरा लाख पटींनी कमी करावी लागते. ६ एमईव्हीला काँक्रीटची पहिली दशांशमूल्य जाडी (तीव्रता एक दशांशावर आणणारी) ३७ सें.मी. आणि पुढच्या प्रत्येकी ३३ सें.मी. असतात. सव्वासहा दशांशमूल्ये म्हणजे सुमारे २.१ मीटर काँक्रीट. झोताला अरुंद पंख्याचा आकार देणारा कोलिमेटर आणि शोधकांच्या मागे पोलाद-शिशाचा अडथळा घातला, तर एवढी जाडी फक्त त्या पट्ट्यात लागते. बाकी भिंती गळती आणि विखुरलेल्या किरणांपुरत्या असतात. आकाशाकडे जाऊन हवेतून खाली परतणारे किरण विसरू नयेत. हाताने केलेला हिशेब फ्लुका किंवा जिआंट-४ या कार्यक्रमांनी पडताळावा, पण हातचा हिशेब आधी व्हावा.

येथे एक इशारा आवश्यक आहे. गोव्यात बांधकाम म्हटले की चिरा डोळ्यांसमोर येतो. जांभ्या चिऱ्याची घनता खाणीखाणीप्रमाणे बदलते, तो सच्छिद्र असतो आणि दोन चिऱ्यांमधली चुन्या-सिमेंटची सांध कमकुवत राहते. वरचे आकडे २.३५ घनतेच्या, एकसंध ओतलेल्या काँक्रीटचे आहेत. संरक्षक भिंत काँक्रीटचीच ओतावी, प्रत्येक ओतीचे नमुने घेऊन घनता मोजावी आणि शोभेसाठी हवा असल्यास चिरा बाहेरून लावावा.

कक्ष रिकामा असल्याची खात्री करणारे शोध-बटण आतल्या टोकाला असावे, म्हणजे शेवटच्या माणसाला सगळा कक्ष फिरून मगच बाहेर येता येईल. दरवाजे, ट्रकची वाट, आणीबाणीची बटणे आणि परिसरातील किरण मोजणारे क्षेत्रमापी हे सर्व मालिकेत जोडावे. ट्रकचालक खाली उतरून सुरक्षित जागी गेल्याशिवाय झोत सुरू होऊ नये. फलक मराठी, कोंकणी, हिंदी आणि इंग्रजीत असावेत, कारण बंदरावर येणारे चालक चारी दिशांहून येतात.

सुरुवात करण्यापूर्वी चालू यंत्र प्रत्यक्ष पाहावे. मुंबईतील समीर ही संस्था ६ एमईव्हीचे वैद्यकीय लिनॅक तयार करते, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ या सिंक्रोट्रॉन यंत्रांसोबत औद्योगिक लिनॅकवरही काम होते आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचे खारघर येथील इलेक्ट्रॉन बीम सेंटर १० एमईव्हीचा त्वरक चालवते. कोकण रेल्वेने पनवेलला उतरले की खारघर जवळच आहे. रीतसर पत्रव्यवहार करून विद्यार्थ्यांचा गट नेण्याचा प्रयत्न करावा. ब्रेझिंगची भट्टी आणि मॉड्युलेटरची पेटी डोळ्यांनी पाहिल्यावर आराखड्यातल्या अनेक शंका आपोआप सुटतात.

सातवी पायरी : यंत्र जागे करणे

जुळणी झाल्यावर पोकळीला लगेच पूर्ण शक्ती देऊ नये. पल्स आखूड आणि शक्ती कमी ठेवून सुरुवात करावी, निर्वाताकडे लक्ष ठेवत टप्प्याटप्प्याने वाढवावी आणि प्रत्येक ठिणगीनंतर दाब पूर्ववत होईपर्यंत थांबावे. या काळात गन बंद असली तरी पोकळीच्या भिंतींतून सुटलेले इलेक्ट्रॉन क्ष-किरण निर्माण करू शकतात, म्हणून सर्व सुरक्षा नियम पहिल्या दिवसापासून लागू असावेत.

झोत आल्यावर आधी १ मीटरवरचा डोस आयनीकरण कक्षाने मोजावा. त्यानंतर पोलादाच्या वाढत्या जाडीमागे तोच डोस मोजून अर्धमूल्य जाडी काढावी. ती २८ मि.मी.च्या जवळ आली, तर ऊर्जा ६ एमईव्हीच्या जवळ आहे. भिंतीबाहेरचे सर्वेक्षण नियामकाने मान्य केलेल्या बिंदूंवर करावे. मगच पायऱ्यापायऱ्यांचा पोलादी ठोकळा आणि त्यामागे वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या ठेवून पहिली प्रतिमा घ्यावी आणि पहिल्या पायरीत लिहिलेल्या चार उत्तरांशी ती ताडून पाहावी. ही संपूर्ण चाचणी एकदा जानेवारीत आणि एकदा जुलैत करावी, पाण्याचे तापमान, खोलीतील आर्द्रता आणि मॅग्नेट्रॉनची कंप्रता यांच्या नोंदी दोन्ही वेळा ठेवाव्यात आणि दोन ऋतूंतील कंप्रतेचा फरक नियंत्रणाच्या आवाक्याच्या निम्म्याहून अधिक आला, तर यंत्र बंदरावर नेण्यापूर्वी थंड करणाऱ्या पाण्याची व्यवस्था दुरुस्त करून घ्यावी.